पुण्यातले रस्ते, रेल्वे, मेट्रो, विमानतळ: ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाकडे?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘नवले पुलावर अपघात झाला की महापालिका महामार्ग प्राधिकरणाकडे बोट दाखवते आणि प्राधिकरण पोलिसांकडे. मग महामार्ग, रेल्वे, मेट्रो, विमानतळ या सगळ्यावर सरकारची देखरेख नेमकी करतं कोण? पैसा कोण तपासतं आणि सुरक्षितता कोण बघतं?’

मी स्थापत्य अभियंता. सव्वीस वर्षं रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामावर गुणवत्ता तपासणी केली, बहुतेक काळ सल्लागार कंपन्यांच्या नोकरीत. आता निवृत्त आहे, वारज्याला राहतो, म्हणजे नवले पूल माझ्याही वाटेवरचाच. त्यामुळे उत्तरात थोडं कायद्यातलं येईल, थोडं साइटवरचं.

कुठल्याही बांधकामाबद्दल मी आधी एकच गोष्ट शोधतो. ‘हे अजून लोकांसाठी उघडू नका’ असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे, आणि त्या माणसाचा पगार कोण देतं? हे एकदा कळलं की समित्या, मंडळं, प्राधिकरणं यांचा पसारा आपोआप उलगडतो.

मेट्रोपासून सुरुवात करतो, कारण तिथे हे उत्तर सगळ्यात स्वच्छ आहे. वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या दोन मार्गिका महामेट्रोच्या. महामेट्रो म्हणजे केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी. हिंजवडी–शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका पीएमआरडीएची म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, टाटा–सीमेन्सच्या कंपनीसोबत खासगी भागीदारीत, 35 वर्षांच्या कराराने. मालक वेगळे, करार वेगळे, पैशाचे मार्गही वेगळे. पण यातला एकही मीटर प्रवाशांसाठी उघडायचा तर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची सही लागते. ते येतात, रुळावरून ट्रॉलीने फिरतात, ब्रेक आणि सिग्नल बघतात, आणीबाणीचे दरवाजे उघडून बघतात, भुयारी स्थानकात धूर बाहेर कसा काढणार ते विचारतात आणि त्रुटींची यादी देतात. त्या पुऱ्या होईपर्यंत मुख्यमंत्री काय, पंतप्रधान आले तरी गाडीत प्रवासी बसत नाहीत.

हे आयुक्त कोणत्या खात्याचे? रेल्वेचे नाहीत, नगरविकासचेही नाहीत. रेल्वेच्या सुरक्षा आयुक्तांसारखेच ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे चांगला विचार आहे. इंग्रजांच्या काळात रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असत. गाडी चालवणारा आणि गाडीतल्या चुका काढणारा एकाच साहेबाला सलाम करायचा. 1935 च्या कायद्यातच हे दोन वेगळे असावेत असं ठरलं, आणि 1941 मध्ये हे निरीक्षक रेल्वेपासून तोडून टपाल आणि हवाई खात्याला जोडले गेले. तिथून ते आजवर विमानवाल्यांकडेच आहेत. मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनौला. म्हणजे गंमत बघा, पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ 2024 पासून नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत. मोठ्या रेल्वे अपघाताची चौकशी करणारी यंत्रणा त्यांच्या मंत्रालयात बसते, रेल्वेमंत्र्यांच्या नाही.

पुणे–मिरज दुहेरीकरणाच्या बातम्यांत ‘रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी’ हे शब्द तुम्ही वाचले असतील. ते हेच. दुसरा रूळ टाकून झाला म्हणून त्यावर प्रवासी गाडी सोडता येत नाही. टप्प्याटप्प्याने पाहणी होते, वेगाची चाचणी होते आणि किती वेगाने गाडी सोडायची तेही लिहून मिळतं.

मात्र इथेही सगळं सोवळं नाही. आयुक्तांच्या कार्यालयात येणारे अधिकारी बहुतेक रेल्वेच्याच सेवेतले असतात. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2012 मध्ये सुचवलं होतं की कायद्याने स्थापन केलेलं स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवं. त्याच अहवालात सुरक्षिततेवर पाच वर्षांत 1 लाख कोटी रुपये खर्च करायला सांगितलं होतं. पुढे 2017-18 मध्ये नेमक्या तेवढ्याच रकमेचा सुरक्षा कोष जाहीर झाला. पैशाची शिफारस सरकारला पटली, प्राधिकरणाचं घोंगडं भिजतच पडलं. मला हे अजिबात आश्चर्याचं वाटत नाही. पैसा खर्च करायला सगळ्यांना आवडतो, ‘नाही’ म्हणणारा माणूस कोणालाच नको असतो.

विमानतळाचं बघा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, विमानांचं नियंत्रणही त्यांचं. टर्मिनल तेवढं विमानतळ प्राधिकरणाचं. 2021 मध्ये 16 ते 29 ऑक्टोबर विमानतळ पूर्ण बंद होता तो याचमुळे. धावपट्टीच्या दुरुस्तीचं वेळापत्रक हवाई दलाचं, नागरी विमानांना त्यापुढे काही बोलता येत नाही. सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो आणि दारात बंदूक घेऊन उभे असतात ते सीआयएसएफचे म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. विमानतळांवर सीआयएसएफ आलं 2000 पासून, म्हणजे कंदाहारच्या अपहरणानंतर. त्याआधी हे काम त्या त्या राज्याचे पोलीस करायचे.

नव्या टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं. पहिला प्रवासी तिथून उडाला 14 जुलैला. मधले चार महिने पुणेकर जुन्या टर्मिनलमध्ये रांगेत घामाघूम होऊन शेजारच्या चकचकीत इमारतीकडे बघत होते. सीआयएसएफचं वाढीव मनुष्यबळ आणि सुरक्षेच्या मंजुऱ्या हे त्यामागचं एक मोठं कारण. आम्ही सगळ्यांनी तेव्हा शिव्या घातल्या, मीसुद्धा. पण मागे वळून बघताना वाटतं, उशीर लाजिरवाणा होता तरी फीत कापल्यावरही दार बंद ठेवता येतं हे त्यातून दिसलं. रस्त्याच्या बाबतीत असं झाल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

आता रस्ते. खरं दुखणं इथे आहे.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचे, त्यातले बहुतेक मोठे एनएचएआय म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग मात्र राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, एमएसआरडीसीचा. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, शहरातले महापालिकेचे, त्यापलीकडचे पीएमआरडीए, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, कटक मंडळ. वारज्याहून कात्रजला जाताना मुख्य मार्गिका एकाची, शेजारचा सेवा रस्ता दुसऱ्याच्या गळ्यात, खांब तिसऱ्याचा, दिव्याचं बिल चौथ्याचं. आपल्याकडे टोल आणि टोलवाटोलवी हे दोन्ही शब्द एकाच रस्त्यावर नांदतात.

आणि या सगळ्यांत तुमचा तो सुरक्षा आयुक्त कुठे आहे? नाही. रस्त्यासाठी असा स्वतंत्र अधिकारीच नाही.

म्हणजे प्रमाणपत्र नसतं असं नाही. काम झालं की अभियंता ते पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र देतो. पण तो अभियंता म्हणजे मी. प्राधिकरणाने नेमलेल्या सल्लागार कंपनीचा नोकर. टोलच्या करारात त्याला ‘स्वतंत्र अभियंता’ असं भारदस्त नाव असतं, आणि बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीच्या ठरावीक करारात त्याची निम्मी फी प्राधिकरणाची, निम्मी ठेकेदाराच्या खिशातली. नावातलं स्वतंत्र आणि फीमधलं निम्मं यांचा मेळ मला सव्वीस वर्षांत बसवता आला नाही.

एक किस्सा सांगतो. नावं नकोत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पुलाचं काम, मी तेव्हा तिशीतला. काँक्रीट ओतलं की त्याचे ठोकळे भरून ठेवायचे आणि सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे, त्यावरून ताकद कळते. साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. मी सकाळी प्रयोगशाळेत गेलो तर रजिस्टरमध्ये अठ्ठावीस दिवसांचे आकडे भरलेले. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. अडचण एवढीच होती की ते काँक्रीट ओतून एकोणीस दिवस झाले होते. टाकीत क्यूब आरामात पाण्याखाली बसलेले. मी ती पानं लाल शाईने रद्द केली आणि पत्र लिहिलं. पुढचे तीन महिने आमच्या कंपनीचं बिल कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडत राहिलं. शेवटी माझ्या साहेबांनी मला दुसऱ्या साइटवर पाठवलं. प्रेमानेच पाठवलं, म्हणाले, ‘तुझं बरोबर आहे रे, पण पगार करायचे आहेत.’ ते क्यूब पुढे अठ्ठाविसाव्या दिवशी फोडले, आकडे चांगले आले. पूल आजही उभा आहे. काँक्रीट चांगलं होतं हो, खोटं होतं ते रजिस्टर. पण ज्या दिवशी काँक्रीट वाईट निघेल, त्या दिवशीही ते रजिस्टर तसंच सुंदर दिसणार, ही माझी तक्रार होती.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल आठवतो ना? 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, पुराचं पाणी, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. पूल 1928 चा, दगडी कमानींचा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असं सांगितलं गेलं होतं. पाहणी करणाऱ्याने खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. कठड्यावर उभं राहून बघितलं तर कमानी ठीकच दिसतात. पाण्याखाली पाया किती उघडा पडलाय ते वरून दिसत नाही. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंदणी सुरू केली, दीड लाखांहून जास्त पूल आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा) त्यात नोंदवल्या गेल्या. काम चांगलं होतं. फक्त ते राष्ट्रीय महामार्गांपुरतं.

मग 15 जून 2025 चा रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे माहीत होतं, तसा फलक होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. माहिती नव्हती असं कोणालाच म्हणता येणार नाही. पण तो आडवा बंद करून, दोन्ही टोकांना भिंत घालून, तिथे माणूस उभा करायची जबाबदारी कोणाची? फलक लावला की आपल्याकडे काम झालं असं समजतात. पुण्याचा माणूस रविवारी पाऊस पडल्यावर फलक वाचत नाही, हे पुण्याच्या प्रशासनाला माहीत असायला हवं.

नवले पुलाकडे येतो. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की कित्येक किलोमीटर सलग उतार आहे. जड गाडीचा चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली वस्तीत येईपर्यंत धरेनासे होतात. 20 नोव्हेंबर 2022 ला अशाच एका अवजड गाडीच्या धडकेत 48 च्या आसपास वाहनांचं नुकसान झालं. 13 नोव्हेंबर 2025 ला कंटेनरने गाड्यांना धडक दिली, आग लागली, आठ जण गेले. दोन्ही वेळा पहिले पंधरा दिवस रम्बलर म्हणजे वेग कमी करायला लावणारे खडबडीत पट्टे, फलक, कॅमेरे, बैठका. तेरड्याचा रंग तीन दिवस. चालकाची चूक असतेच, पण जिथे दरवर्षी वेगवेगळे चालक तीच चूक करतात तिथे उताराचाही जबाब घ्यायला हवा, असं माझं अभियंता म्हणून मत आहे. रेल्वेत असा अपघात झाला असता तर आयुक्तांनी साक्षी नोंदवून कारणासकट अहवाल दिला असता. रस्त्यावर गुन्हा चालकावर दाखल होतो आणि फाइल तिथेच संपते.

कायद्यात तरतूद नाही असंही नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आलं. रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर रस्त्याचा मालक, ठेकेदार, सल्लागार यांना दंड. दंड किती? जास्तीत जास्त 1 लाख रुपये. साइटवरच्या एका रोलरचं महिन्याचं भाडंही त्याच्या आसपास जातं. त्याच दुरुस्तीतून राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळ आलं, तेही सल्ला देण्यापुरतं. सल्ला पुण्यात कोणीही देतो, त्यासाठी मंडळाची गरज नव्हती.

पैशाचं थोडक्यात सांगतो. केंद्राचा आणि राज्याचा खर्च ‘कॅग’ म्हणजे भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक तपासतात. अहवाल संसदेत किंवा विधिमंडळात जातो आणि तिथून लोकलेखा समितीकडे. हे सगळं खर्च झाल्यावरचं. कॅग कोणाचा धनादेश अडवू शकत नाही. आणि त्यांचे आकडे वाचताना जरा दमानं घ्यावं. दिल्ली–गुरुग्रामच्या द्वारका द्रुतगती मार्गाला मंजुरी किलोमीटरला 18.20 कोटींची आणि प्रत्यक्षात 250.77 कोटी, हे 2023 मध्ये सगळीकडे गाजलं. मंत्रालयाचं म्हणणं होतं की तो रस्ता उन्नत आणि बोगद्यांचा आहे, सपाट रस्त्याच्या सरासरीशी त्याची तुलना चुकीची. अभियंता म्हणून मला त्यात तथ्य वाटतं. पण नागरिक म्हणून मला विचारावंसं वाटतं की आराखडा एवढा बदलला तर बदललेला खर्च पुन्हा मंत्रिमंडळापुढे का गेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला 2016 च्या डिसेंबरात 11,420 कोटींची मंजुरी मिळाली. त्यात युरोपीय गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था यांचं कर्ज आहे. या बाहेरच्या बँका झाडं, पुनर्वसन, कामगारांची सुरक्षा यांचे स्वतःचे नियम घेऊन येतात. साइटवर हेल्मेट आणि बूट नियमाने दिसायला लागले त्यात अशा कर्जांचा वाटा आहे, हे कबूल करायला थोडं जड जातं, पण आहे.

टोलचं वेगळंच. विमानतळावर तुमच्याकडून किती शुल्क घ्यायचं ते एईआरए नावाचं नियामक प्राधिकरण ठरवतं, त्याआधी मसुदा प्रसिद्ध करतं, हरकती मागवतं. द्रुतगती मार्गाचा टोल मात्र 2004 च्या अधिसूचनेने बांधलेला आहे, तिच्यात दर तीन वर्षांनी 18 टक्के वाढ ठरवून दिलेली. 2004 मध्ये महामंडळाने 918 कोटी एकरकमी घेऊन पंधरा वर्षं टोलवसुली खासगी कंपनीला दिली, ती 2019 ला संपली, मग 2020 मध्ये 8,262 कोटींना पुन्हा दहा वर्षं. हरकत घ्यायची तर दार एकच, न्यायालयाचं.

आणि चुकलेल्या नियोजनाचा हिशेब तर कोणीच मागत नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा असताना 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मेट्रोसाठी पाडला. तो बांधताना मेट्रोचा विचार केला नाही म्हणून कोणाला नोटीस गेल्याचं मी वाचलेलं नाही.

‘सुरक्षा’ या शब्दाचा मराठीत घोळ आहे, तोही सांगून टाकतो. रेल्वेच्या हिंदी पाट्यांवर दोन शब्द असतात: गाडी घसरू नये ती संरक्षा, बॅग चोरीला जाऊ नये ती सुरक्षा. आपण दोन्हीला सुरक्षाच म्हणतो. पुणे स्टेशनवर रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचं, ते केंद्राचं. पाकीट मारलं तर गुन्हा नोंदवतात लोहमार्ग पोलीस, ते राज्याचे. स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्याशी भांडण झालं तर शहर पोलीस. रेल्वे हा विषय केंद्राचा आणि पोलीस राज्याचे, म्हणून ही वाटणी. नुसती तक्रार करायची तर 139 लावा, रांगेत उभं राहायची गरज नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033.

आता तुम्ही स्वतः काय करू शकता. माहिती अधिकार कायद्यात कागदाची प्रत मागता येते हे सगळ्यांना माहीत आहे. पण कलम 2(जे) नीट वाचा: चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही अधिकार त्यात आहे. अर्ज लिहिताना ‘रस्ता खराब का’ असं विचारू नका, त्यावर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं ठरलेलं उत्तर येतं. कागदाचं नाव घ्या. पूर्णत्वाचं प्रमाणपत्र, त्यासोबतची अपुऱ्या कामांची यादी, रस्ता सुरक्षा परीक्षणाचा अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली त्याचा तक्ता, दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. शेवटची तारीख फार कामाची आहे, कारण ती उलटायच्या आत बोललात तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, नंतर तुमच्या-माझ्या.

मी स्वतः गेल्या वर्षी आमच्याकडच्या सेवा रस्त्यावरच्या एका मोरीसाठी असा अर्ज केला. दर पावसात तिथे गुडघाभर पाणी. पहिल्या कार्यालयाने तो कलम 6(3) खाली दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने परत पहिल्याकडे. मी तिन्ही पत्रं एकत्र जोडून पहिलं अपील केलं, वर एक ओळ लिहिली: ‘ही मोरी कोणाचीच नसेल तर मी ती स्वतः साफ करू का, तसं लेखी कळवावं.’ सुनावणीत अधिकारी हसले, पण मोरी कोणाची ते त्यांनी लिहून दिलं. पाहणीसाठी तारीख मिळाली आहे, पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा. गमबूट काढून ठेवलेत.